समाजाचा ताळेबंद मांडणारा अभियंता

धरणे आणि कालवे बांधणारे अभियंते म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सर्वांना परिचित आहेत. एखाद्या कारखान्याची कामगिरी तपासावी, तशी अवघ्या समाजाची कामगिरी मोजता येते आणि वर्षागणिक सुधारता येते, ही त्यांची धारणा मात्र तितकी परिचित नाही. म्हैसूर संस्थानात त्यांनी या धारणेचा प्रयोग केला. त्या प्रयोगाचे यश आणि त्याची मर्यादा या दोहोंचा हा वेध.

दरवर्षी १५ सप्टेंबर हा दिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. सर विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात, कृष्णराजसागर धरणाचा उल्लेख होतो, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांची आठवण निघते. हे सारे योग्यच आहे. तथापि, धरणे बांधणारे अभियंते त्या काळातही अनेक होते. विश्वेश्वरय्यांचे वेगळेपण असे, की धरणाच्या भिंतीपाशी त्यांचा विचार थांबला नाही. भिंतीमागे साठलेल्या पाण्याने किती गावे सुखी झाली, त्या गावांतील किती मुले शाळेत गेली, दर माणशी उत्पन्न किती वाढले आणि हे सारे जगातील पुढारलेल्या देशांच्या तुलनेत कोठे बसते, असे प्रश्न ते विचारत. उद्दिष्ट ठरवावे, मोजमाप करावे, सर्वोत्तमाशी तुलना करावी, उणिवा शोधून पुन्हा कामाला लागावे, ही कारखान्यातील शिस्त त्यांनी समाजाला लावून पाहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शिस्तीचे शास्त्र झाले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे दिले. अमेरिकेने १९८७ मध्ये माल्कम बाल्ड्रिज यांच्या नावे राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार सुरू केला आणि पुढे कारखान्यांबरोबर शाळा व रुग्णालयेही त्याच्या निकषांवर तपासली जाऊ लागली. उद्योगातील उत्कृष्टतेचे निकष गावाला किंवा शहराला लावता येतील काय, हा प्रश्न आता नव्याने विचारला जातो. म्हैसूरच्या एका दिवाणाने तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच विचारला होता.

दख्खनच्या कालव्यांवरचे धडे

बंगळूरच्या उत्तरेस चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचे खेडे आहे. तेथील एका संस्कृतज्ञ, पण बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करीत त्यांनी पदवी मिळविली. नंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकला होती. नंतर खानदेश, पुणे, सुरत असा प्रवास झाला. आयुष्यातील जवळजवळ पाव शतक त्यांनी या इलाख्यात घालविले. त्यांच्या विचारांची घडण मराठी मुलखातच झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुण्यातील वर्तुळाशी त्यांचा निकटचा परिचय होता. देशाच्या दारिद्र्याची कारणे आकड्यांनिशी मांडण्याची रानड्यांची सवय या तरुण अभियंत्याला भावली असल्यास नवल नाही.

साधने तुटपुंजी असताना उत्तर कसे शोधावे, याचे शिक्षण त्यांना सिंधमध्ये मिळाले. सक्कर शहराला सिंधू नदीचे गढूळ पाणी प्यावे लागत होते. पाणी गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रात विहीर खोदून वाळूच्या थरांतून निसर्गतःच गाळले जाणारे पाणी घेण्याची योजना आखली. १८९५ च्या सुमारास ती पूर्ण झाली. पैसा नाही म्हणून काम अडले, हे कारण त्यांनी पुढेही कधी सहज मान्य केले नाही.

१८९८ मध्ये ते स्वतःच्या इच्छेने जपानला गेले. तीन दशकांत एक मागासलेला देश शिक्षण आणि उद्योग यांच्या बळावर कसा उभा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. जपानचे उदाहरण जन्मभर त्यांच्या लेखनात आणि भाषणांत येत राहिले. डेमिंग जपानला गुणवत्ता शिकवायला गेले, त्याच्या अर्धशतक आधी हा भारतीय अभियंता जपानकडून शिकून परतला होता.

त्यांच्या विचारपद्धतीचा पहिला मोठा आविष्कार नीरा कालव्यावर झाला. १८९९ मध्ये ते पुणे जिल्ह्याच्या पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता झाले. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे वाटेल तितके पाणी घेत आणि शेपटाकडची गावे कोरडी राहत. उसाला अतोनात पाणी दिल्यामुळे जमिनी पाणथळ होत, डासांचा आणि हिवतापाचा त्रास वाढे. सरकारला महसूल पुरेसा मिळत नव्हता आणि पाण्याचा मोठा भाग वाया जात होता. विश्वेश्वरय्यांनी तेथे ब्लॉक पद्धत सुचविली. चांगल्या जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात तीन वर्षांची फेरपालट ठेवायची. एक तृतीयांश भागात ऊस, एक तृतीयांश भागात मध्यम पाण्याची पिके आणि उरलेल्या भागात थोड्या पाण्यावर येणारी हंगामी पिके घ्यायची. तेवढ्याच पाण्यात अधिक गावे भागीदार होतील आणि जमिनीलाही विसावा मिळेल, असा हिशेब होता.

शेतकऱ्यांना ही योजना प्रथम रुचली नाही. आपल्या हक्काचे पाणी सरकार हिरावून घेणार, असा संशय पसरला. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या सभा घेऊन योजना समजावून दिली. हळूहळू विरोध मावळला आणि ही पद्धत दख्खनच्या अन्य कालव्यांवरही लागू झाली. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय पाटबंधारे आयोगासमोर त्यांनी या पद्धतीची मांडणी केली. या प्रसंगात त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज आढळते. साधन मर्यादित असेल तर ते जास्तीत जास्त लोकांपर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न गणिताचा आहे. परंतु ते गणित लोकांनी मान्य केल्यावाचून सुटत नाही.

खडकवासल्याचे दरवाजे याच वर्षांतील. पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून मौल्यवान पाणी वाहून जात होते आणि भिंत उंच करणे खर्चाचे होते. त्यांनी सांडव्यावर बसविता येतील असे स्वयंचलित दरवाजे तयार केले. ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडून राहायचे, पूर आल्यावर दरवाजे आपोआप उघडायचे आणि पाणी उतरताच मिटायचे. १९०३ मध्ये ते प्रथम खडकवासल्यास बसविले गेले, पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही त्यांचा उपयोग झाला. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे होते. मात्र, सरकारी नोकरीत असताना केलेल्या शोधाचा मोबदला घेणे त्यांनी नाकारले.

१९०६ मध्ये एडन बंदराच्या पाणी व सांडपाणी योजनेचा अहवाल त्यांनी तयार केला. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत चढले. तथापि, मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी गोऱ्यांसाठीच असल्यासारखे होते. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि युरोप-अमेरिकेचा दौरा सुरू केला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडविला. हजारो माणसे दगावली. निजाम सरकारच्या पाचारणावरून विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये तेथे पोहोचले. शहराच्या वरच्या बाजूला दोन जलाशय बांधून पूर अडवावा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यावे, ही त्यांची सूचना होती. उस्मानसागर आणि हिमायतसागर पुढे तिच्या आधारेच उभे राहिले.

संस्थान हीच कार्यशाळा

नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलाविले. हे पद स्वीकारण्यापूर्वी केवळ रस्ते आणि तलाव यांपुरते आपले काम मर्यादित राहणार असेल तर त्यात आपल्याला रस नाही, अशी त्यांची भूमिका होती. शिक्षण आणि उद्योग वाढविण्यासही वाव मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती आणि महाराजांनी ती मान्य केली. कन्नंबाडी येथे कावेरीवर धरण बांधण्याची त्यांची योजना अर्थखात्याला अवाढव्य वाटली. अखेर १९११ मध्ये तिला मंजुरी मिळाली. मद्रास सरकारशी पाण्याचा तंटा उभा राहिला, तो १९२४ च्या करारापर्यंत चालला. सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरून बांधलेले हे धरण तिसाव्या दशकाच्या आरंभी पूर्णत्वास गेले. मंड्याच्या कोरड्या माळावर उसाचे मळे आणि साखर कारखाना दिसू लागला, तो या पाण्यामुळे. त्याच पाण्याखाली कन्नंबाडीसह अनेक जुनी गावे गेली, हेही विसरता येत नाही.

धरणाला मंजुरी मिळाली, त्याच वर्षी म्हैसूर आर्थिक परिषद अस्तित्वात आली. विश्वेश्वरय्यांच्या विचारांचा गाभा या संस्थेत होता. राज्याची आर्थिक उन्नती हा केवळ सरकारी कचेऱ्यांचा विषय नाही, त्यात व्यापारी, शेतकरी, शिक्षक, वकील अशा बिनसरकारी मंडळींनीही सहभागी व्हावे, या हेतूने परिषदेची रचना झाली. शेती, शिक्षण आणि उद्योग-व्यापार अशा तीन विषयांच्या स्वतंत्र समित्या नेमल्या गेल्या. जिल्हा आणि तालुका पातळीवरही समित्या स्थापन झाल्या. माहिती गोळा करावी, कार्यक्रम आखावा, त्याची अंमलबजावणी करावी आणि वार्षिक अधिवेशनात प्रगतीचा पाढा सर्वांसमोर वाचावा, असा क्रम होता. न जमलेल्या गोष्टींचा जाबही तेथेच द्यावा लागे. कागदावरची समिती आणि कामाची समिती यांतील फरक नेमका या वार्षिक झाडतीने पडतो.

नोव्हेंबर १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातलगांना जेवायला बोलावून कोणीही वशिल्यासाठी येणार नसेल तरच आपण हे पद घेऊ, असे बजावल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी जे केले, त्याची नुसती यादीही दम लावणारी आहे. १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि हेब्बाळची कृषी शाळा, १९१५ मध्ये कन्नड साहित्य परिषद, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि व्यापारी महामंडळ, १९१७ मध्ये बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. याच काळात चंदन तेलाचा आणि साबणाचा कारखाना निघाला, कातडी कमावण्याचा उद्योग उभा राहिला, रेल्वेचे नवे फाटे टाकले गेले, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची आखणी झाली. म्हैसूर विद्यापीठ हे संस्थानी मुलखातील पहिले विद्यापीठ होते.

संस्थांच्या या गर्दीमागे एक पद्धत होती. विश्वेश्वरय्यांनी प्रशासनात कार्यक्षमता तपासणीची व्यवस्था सुरू केली. पैशाचे लेखापरीक्षण सर्वत्र होते. परंतु खात्याने वर्षभरात काम किती केले, कागद कोठे अडले, एकच काम दोन कचेऱ्या करीत आहेत काय, हे पाहणारी यंत्रणा त्या काळी दुर्मीळ होती. कामकाजाच्या नियमपुस्तिका तयार झाल्या, अधिकाऱ्यांची भरती स्पर्धा परीक्षेने होऊ लागली, होतकरू तरुणांना शिक्षणासाठी परदेशी पाठविण्यात आले. विधान परिषदेला अर्थसंकल्पावर चर्चा करण्याची मुभा मिळाली. सरकारच्या हिशेबावर लोकांनी बोलावे, हा या पद्धतीचाच भाग होता.

शिक्षणाचे आकडे या पद्धतीची साक्ष देतात. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभी संस्थानात सुमारे ४,५०० शाळा होत्या, अखेरीस त्या सुमारे १०,५०० झाल्या. विद्यार्थ्यांची संख्या १ लाख ४० हजारांवरून ३ लाख ६६ हजारांपर्यंत गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पायंडा घातला होता. म्हैसूरने १९१३ च्या कायद्याने त्या वाटेवर पाऊल टाकले.

खेड्यांसाठीही स्वतंत्र योजना होती. ग्रामसुधारणा समित्या नेमून रस्ते, विहिरी, तलावांतील गाळ, शाळेची इमारत, स्वच्छता अशी कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. गावकऱ्यांनी ठरावीक वेळ सामूहिक श्रमाला द्यावा, सरकारने तंत्र आणि काही अंशी पैसा पुरवावा, अशी वाटणी होती. मलनाडच्या जंगलपट्टीत हिवतापाने लोकवस्ती घटत चालली होती, तिच्यासाठी वेगळी योजना आखली गेली. गरज वेगळी तेथे उपाय वेगळा, पण मोजपट्टी मात्र एकच, असे हे धोरण होते.

मोजपट्टीत न मावलेला प्रश्न

या दमदार वाटचालीला १९१८ मध्ये अडथळा आला. तो पैशाचा नव्हता आणि तंत्राचाही नव्हता. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत, विशेषतः वरच्या जागांवर, लोकसंख्येच्या मानाने मूठभर असलेल्या ब्राह्मण समाजाचे प्राबल्य होते. विश्वेश्वरय्या स्वतः त्याच समाजातले. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळीची स्थापना होऊन ब्राह्मणेतरांनी आपल्या वाट्याची मागणी संघटितपणे मांडली. महाराजांनी तिची दखल घेतली आणि १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

विश्वेश्वरय्यांना हा मार्ग पसंत नव्हता. शिक्षणाचा प्रसार करून मागे राहिलेल्या समाजांना वर आणावे, पण नेमणुकीच्या वेळी गुणवत्ता हाच एकमेव निकष असावा, अशी त्यांची भूमिका होती. कार्यक्षमतेला तडजोडीचा धक्का लागला, तर उभारलेली सारी यंत्रणा ढासळेल, अशी भीती त्यांना वाटत होती. मतभेद मिटले नाहीत आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. मिलर समितीने सात वर्षांच्या आत वरिष्ठ जागांपैकी निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे जाव्यात, अशी शिफारस केली. १९२१ मध्ये म्हैसूर सरकारने ती अमलात आणण्याचा आदेश काढला.

मराठी वाचकाला येथे कोल्हापूर आठवल्यावाचून राहणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यातच नोकरी करीत होते. दोन्ही पुरुषांना समाज पुढे न्यायचा होता. शाहू महाराजांनी प्रथम विचारले, की राज्यकारभारात कोण बसले आहे आणि कोण दाराबाहेर उभे आहे. विश्वेश्वरय्यांनी प्रथम विचारले, की काम किती झाले आणि किती चांगले झाले. पहिला प्रश्न टाळून दुसऱ्याचे पुरते उत्तर मिळत नाही, हे म्हैसूरच्या घडामोडींनी दाखविले. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणाची दारे ज्यांना बंद होती आणि ज्यांना ती उघडी होती, अशा दोघांना एकाच परीक्षेला बसविल्यास ती परीक्षा गुणांबरोबर जुना वारसाही मोजते. नीरा कालव्याच्या शेपटाकडील कोरड्या गावांना हक्काचे पाणी मिळावे म्हणून ज्यांनी पाण्याचे गट पाडले, त्यांना नोकऱ्यांच्या कालव्यावरचा हाच अन्याय तितक्या तीव्रतेने जाणवला नाही. त्यांच्या थोर चरित्रातील हा विरोधाभास झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तथापि, दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. नोकऱ्यांवर हक्क सांगणारी शिकलेली पिढी ज्या वाढत्या शाळांतून पुढे यायची होती, त्यांतील हजारो शाळा विश्वेश्वरय्यांच्या कारकीर्दीत उघडल्या होत्या. वाद विकोपाला गेल्यावर पदाला चिकटून न राहता त्यांनी सत्ता सोडली आणि नंतरही म्हैसूरला लागेल ती मदत केली.

त्याचा पुरावा भद्रावतीत मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळले आणि १९२३ मध्ये उत्पादन सुरू करणारा हा कारखाना तोट्याच्या गर्तेत सापडला. दिवाणपद सोडून गेलेल्या या गृहस्थांनाच सरकारने कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्षपद दिले. १९२९ पर्यंत त्यांनी तो सांभाळला, खर्चाची शिस्त लावली आणि स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती कारभार सोपविला. या कामाचा मोबदला त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. तो पैसा तरुणांना धंदेशिक्षण देणारी संस्था काढण्यास वापरावा, अशी त्यांची इच्छा होती. १९४३ मध्ये बंगळुरात सुरू झालेली जयचामराजेंद्र व्यवसाय शिक्षण संस्था ही त्या इच्छेची पूर्ती होय.

देशाचे दप्तर

म्हैसूरचा अनुभव गाठीशी घेऊन विश्वेश्वरय्या आता साऱ्या देशाचा विचार करू लागले. १९२० मध्ये त्यांचा भारताच्या पुनर्रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अन्य देशांच्या आकड्यांशेजारी भारताचे आकडे ठेवून उणीव दाखवून देणे, ही त्यांची शैली त्यात ठळकपणे दिसते. १९२५ मध्ये भारतीय आर्थिक चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशाचे उत्पन्न, उत्पादन, मजुरी यांची पद्धतशीर आकडेवारी गोळा करणारी कायमची यंत्रणा हवी, हा त्यांचा आग्रह होता. परकीय सरकारला त्याची निकड वाटली नाही.

१९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी आली. मोठ्या यंत्रोद्योगांवर त्यांची भिस्त होती. त्यामुळे खादी आणि ग्रामोद्योगांना अग्रस्थान देणाऱ्या गांधीजींच्या विचारांशी त्यांचे जुळले नाही. परस्परांविषयीचा आदर मात्र कायम राहिला. मुंबईत शेठ वालचंद हिराचंद यांच्या समवेत त्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली आणि त्यासाठी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर युरोप-अमेरिकेचा दौरा केला. १९४१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय उत्पादक संघटनेचेही ते अध्वर्यू होते.

मोठ्या कारखान्यांचा हा पुरस्कर्ता आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा खेड्याकडे वळला, ही लक्षणीय गोष्ट आहे. ग्रामीण औद्योगिकीकरणाच्या त्यांच्या योजनेत काही हजार लोकवस्तीचा खेड्यांचा गट हा एकक मानला होता. गटातील लोकांनीच समिती निवडायची, शेतीचे आणि उद्योगांचे एकूण उत्पादन किती याची नोंद करायची, ठरावीक वर्षांत ते किती वाढवायचे हे ठरवायचे आणि दरवर्षी मागल्या वर्षाशी तुलना करायची. सरकारने मार्गदर्शन आणि थोडे भांडवल द्यावे, बाकीचा भार गावाने उचलावा. स्वातंत्र्यानंतर म्हैसूर सरकारने बंगळूर आणि कोलार जिल्ह्यांत ही योजना हाती घेतली. तेव्हा विश्वेश्वरय्यांचे वय नव्वदीच्या घरात होते. नीरा कालव्यावरील पाण्याचा गट, आर्थिक परिषदेची तालुका समिती आणि हा खेड्यांचा गट यांच्यात एकच सूत्र दिसते. सुधारणेचे एकक लहान असावे, म्हणजे हिशेब साऱ्यांना कळतो आणि जबाबदारी कोणालाही झटकता येत नाही.

नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये मोकामे येथील गंगेवरच्या पुलाची जागा ठरविण्यासाठी ते स्वतः पाहणीला गेले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न किताब मिळाला. वक्तशीरपणा, नेटका पोशाख, मोजका आहार आणि म्हैसुरी फेटा यांत शेवटपर्यंत फरक पडला नाही. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी केल्यावर, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

कृष्णराजसागर उभे आहे. मंड्याला पाणी देणारा कालवा त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, चंदनाचा साबण हे सारे नांदते आहे. ज्या संस्थांना भिंती होत्या, त्या टिकल्या. आर्थिक परिषद, तिच्या तालुका समित्या आणि कार्यक्षमता तपासणी यांना भिंती नव्हत्या. त्या एका शिस्तीवर उभ्या होत्या, आणि शिस्त लावणारा निघून गेल्यावर त्या ओसरल्या. आजही नगरपालिका आणि जिल्हा परिषदा दरवर्षी खर्चाचा अर्थसंकल्प मांडतात. त्याच सभेत मागल्या वर्षी ठरविलेल्या पाण्याचे, शाळांचे, आरोग्याचे किती झाले, शेजारच्या शहरापेक्षा आपण कोठे मागे पडलो आणि कोणत्या वस्तीपर्यंत काहीच पोहोचले नाही, याचाही पाढा नागरिकांसमोर वाचला जाऊ लागला, तर विश्वेश्वरय्यांच्या अर्धवट राहिलेल्या कामाला सुरुवात होईल. त्या पाढ्यातील शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः पुरेसा विचारला नव्हता. तो जोडण्याची जबाबदारी त्यांच्यानंतरच्या पिढ्यांची आहे.